पाव, कच्चे मांस

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे जुळारीकाका म्हणतात. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि त्यांच्या ओळी लावायच्या, हे काम त्यांनी एक्केचाळीस वर्षे केले. आता ते खिळेही गेले आणि छापखानाही गेला, पण नाव राहिले. इमारतीतल्या नव्या बिऱ्हाडांना जुळारी हे त्यांचे आडनाव वाटते. तेही कोणाला दुरुस्त करत नाहीत. कोणाला दुरुस्त न करणे हा त्यांचा स्वभावच आहे, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. तो स्वभाव नव्हता. तो मी घालून दिलेला नियम होता.

काका बुटके आहेत. डावा खांदा किंचित खाली झुकलेला, कारण त्या हातात दिवसभर ओळींची लोखंडी पट्टी धरलेली असे. छपाईच्या यंत्राशेजारी उभे राहून कान अधू झाले. "कान मशीनने खाल्ले, साहेब, डोळे तेवढे ठेवले," असे ते म्हणतात. डोळे मात्र खरोखर ठेवणीतले. खिळे उलटे वाचायची इतकी सवय की, सकाळी माझ्याकडे पेपर वाचायला येतात तेव्हा टेबलाच्या पलीकडे बसतात. मी सुलट बाजूने वाचतो, ते समोरून तेच पान उलटे वाचतात आणि माझ्या आधी संपवतात.

"उलटा आता," ते म्हणतात.

"थांबा हो, मी अजून दुसऱ्या रकान्यात आहे."

"सुलट वाचणाऱ्यांचं असंच असतं. वेळ लागतो."

मी गोदामांच्या एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात आहे. कॉमर्सची पदवी घेऊन लागलो, तो पुढच्या महिन्यात निवृत्त होईन. बराच काळ माझ्याकडे स्टेशनरी आणि जुने कागदपत्र हा विभाग होता. कंपनीची परिपत्रके, कोरे फॉर्म, आमंत्रणपत्रिका, सगळे काका काम करत त्या छापखान्यात छापले जाई. पस्तीस वर्षांपूर्वी मी एक परिपत्रक लिहून दिले. कार्यालयीन भाषेत फाइलीला नस्ती म्हणतात. मी लिहिले होते, 'पाच वर्षांपूर्वीच्या सर्व नस्त्या एकत्र करून जाळाव्यात.' काकांनी नस्ती हा शब्द कधी ऐकला नव्हता. साहेबांच्या हातून व चा न झाला असेल, असे समजून त्यांनी तो भल्या मनाने सुधारला. चौदा गोदामांना हुकूम गेला की, पाच वर्षांपूर्वीच्या सर्व वस्त्या एकत्र करून जाळाव्यात.

एका गोदामाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "कोणत्या बाजूने पेटवायला सुरुवात करू? आणि काड्या मुख्य कार्यालय पुरवणार की आम्हीच घ्यायच्या?"

मोठ्या साहेबांनी मला आत बोलावले. आत काय झाले ते लिहीत नाही. बाहेर आलो तो थेट छापखाना गाठला आणि सगळ्या कामगारांसमोर काकांवर तोंड सोडले. "दिलंय तसं लावायचं! डोकं चालवायला तुम्हाला इथे ठेवलेलं नाही. माझ्या मजकुरात पुन्हा बोट घालायचं नाही, समजलं?"

"बरं, साहेब," काका म्हणाले.

ते उभे होते त्यांच्या डोक्यामागे भिंतीला एक लांब खिळा होता आणि मंजूर झालेली प्रूफे त्याला टोचून ठेवलेली असत. सगळ्यात वरचे प्रूफ त्याच परिपत्रकाचे होते. त्यावर 'छापावे' असा माझा शेरा होता आणि खाली माझी सही. मी ते न वाचताच सही केली होती. मला ते दिसत होते. काकांनी मान वळवून त्याकडे बोट दाखवले असते तर माझी वाचाच बसली असती. काकांनी मान वळवली नाही.

त्यानंतर त्यांनी माझा प्रत्येक मजकूर काना-मात्रेसकट जसाच्या तसा लावला. एकदा एका सहकाऱ्याच्या आमंत्रणात मी घाईत 'निरोप समरंभ' लिहिले. पत्रिका तशीच छापून आली. मी तक्रार केली तेव्हा शांतपणे म्हणाले, "मूळ प्रतीत तसंच होतं, साहेब." ऑफिसात आठवडाभर माझी टर उडाली. मला वाटले, म्हातारा मुद्दाम करतो. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता, हे काही माझ्या डोक्यात आले नाही.

सात वर्षांपूर्वी छापखाना बंद झाला. खिळ्यांच्या खणांखाली एक कुत्री व्यायली होती. तिची बाकीची पिल्ले कोणी कोणी नेली, एक उरले. पिवळट रंगाचे, किडकिडे, शेपटी अशी वळलेली की ओळीखाली लटकणारा स्वल्पविराम. काकांनी शेवटच्या दिवशी ते पिल्लू उचलून घरी आणले आणि नाव ठेवले स्वल्पविराम. जोडीदारीण गेल्यावर ते लेकीकडे, म्हणजे आमच्या तळमजल्यावर, राहायला आले होते. लेक म्हणाली, "बाबा, हाक मारेपर्यंत कुत्रं गल्ली ओलांडून जाईल." मग घरात तो स्वल्या झाला. काका मात्र पूर्ण नावानेच हाक मारत, प्रत्येक अक्षर सुटे सुटे करून. आणि तो यायचा.

स्वल्याचे पोट सुरुवातीपासूनच नाजूक. आठवड्यातून दोन-तीनदा बिघडायचे. पोटातून गुरगुर आवाज, सकाळी पिवळा फेस ओकायचा, पाठीवरचे केस जायचे. अंगाला काही म्हणून लागत नसे. लेक घरीच शिवणकाम करते. जावई दूरच्या कामावर, महिन्यातून एकदा येतात. आधी आधी ती पुसून घ्यायची, कुरकुरायची, पुन्हा पुसायची. मग तिला बाळ झाले आणि ते रांगायला लागले. एका दुपारी स्वल्या एका गिऱ्हाइकाच्या बेतलेल्या रेशमी कापडावर ओकला आणि त्याच्याकडे बाळ रांगत निघाले होते.

लेकीने मशीन थांबवले. काकांनी खाली नेलेला पेपर परत न्यायला मी आलो होतो म्हणून समोरच होतो. ती ओरडली नाही, म्हणूनच मला भीती वाटली. "बाबा, बाळ चालायला लागेपर्यंत," ती म्हणाली. "तोवर हा बरा झाला तर राहील. नाही झाला तर याला दुसरं घर बघायचं. एकदा ते चालायला लागलं की मला दोघांच्या मागे धावता येणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

आजोबा नातवंडाच्या पहिल्या पावलाची वाट बघतात. काकांना ते पाऊल लांबावे असे वाटू लागले आणि तसे वाटते याची लाजही वाटू लागली. बाळ मशीनच्या पायाला धरून उभे राहिले की ते हसत आणि लगेच स्वल्याकडे बघत.

आम्ही दोघे त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, जंतांचे औषध दिले, महिनाभर गोळ्या दिल्या. गुण येईना. मग म्हणाल्या, "याला गहू सोसत नाही असं मला वाटतंय. पोळीवरच वाढलाय ना? आपण याला कच्च्या मांसावर आणून बघू. सगळ्याच कुत्र्यांना ते मानवतं असं नाही हं, आणि घरात लहान मूल आहे, तेव्हा भांडं वेगळं, जागा वेगळी, हात स्वच्छ धुवायचे. पहिला आठवडा अर्धवट शिजवून द्या, पोटाला सवय होऊ दे. मग कच्चं. याच्या वजनाला दिवसाला पाव किलो पुरे. बरोबर दोन चमचे उकडलेला भोपळा. गव्हाचं काही म्हणजे काही नको."

काका त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "निम्मं ऐकू आलं. साहेब, मला कागदावर द्या. कागद असला की मी चुकत नाही."

मला आनंदच झाला. असे काम मला आवडते. घरी येऊन पट्टीने रेघा मारून कागद तयार केला. आमच्या साठ्याच्या वहीत नग आधी लिहायचा, मग स्वल्पविराम, मग वस्तू, अशी पद्धत आहे. 'दोन डझन, पेन्सिली.' 'चार रीम, कागद.' तीस-पस्तीस वर्षे हात तसाच वळलेला. मी लिहिले:

'पहिला आठवडा : पाव, अर्धवट शिजवलेले मांस. दोन चमचे, उकडलेला भोपळा.

दुसऱ्या आठवड्यापासून : पाव, कच्चे मांस. दोन चमचे, उकडलेला भोपळा.

पोळी, भाकरी, भात, बिस्किटे पूर्ण बंद.'

किलो हा शब्द लिहायचे मला सुचलेच नाही. मटणाच्या दुकानात 'पाव द्या' म्हटले की दुसरा अर्थ कोण घेतो?

आमची ही खांद्यावरून डोकावली. "कुत्र्यालासुद्धा परिपत्रक काढलंत? जावक क्रमांक टाकायचा राहिला."

मी खाली जाऊन कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला आणि ओठ हलवत वाचला. एका जागी थांबले. मागे जाऊन पुन्हा वाचले. मग माझ्याकडे बघितले.

"साहेब, हे असंच?"

"असंच. तंतोतंत. इकडचं तिकडे करायचं नाही."

"बरं," ते म्हणाले आणि कागद परसातल्या पत्र्याच्या खोलीत डोळ्यांच्या उंचीवर टाचणीने लावला. खिळे जुळवताना मूळ प्रत तशीच समोर लावायची असते.

त्या खोलीतच स्वल्याचे जेवण सुरू झाले. बाळ तिथे जात नसे आणि लेक सकाळी बाळाच्या मागे असे. भांडी काका स्वतः गरम पाण्याने धूत. पहिल्यांदा कच्चे मांस पुढे ठेवले तेव्हा स्वल्याने ते हुंगले आणि काकांच्या तोंडाकडे बघितले, चूल पेटवायची विसरलात का, असे. दुसऱ्या दिवसापासून ताटली चाटून ढकलत भिंतीपर्यंत नेऊ लागला. लेक म्हणायची, "मला या घरात गार चहा मिळतो आणि याला ताजं मटण."

मी दर रविवारी वही घेऊन खाली जायचो. घट्ट, मध्यम, पातळ, असे तीन रकाने केले होते. काका सांगायचे, मी खूण करायचो. घरी आल्यावर ही म्हणायची, "चहा पिताना तरी तो रकाना मिटा."

पहिल्या पंधरवड्यात जरा बरे वाटले. मग पुन्हा तेच. दोन दिवस घट्ट, तीन दिवस पातळ. पाठीवर केस येईनात. दीड महिना झाला. बाळ आता एका हाताने टेबल धरून कडेकडेने सरकत होते. मी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रकाने बघितले आणि मान हलवली. "याच्या पोटात कुठून तरी गहू जातोय. मांसाने असं होत नाही. कोणीतरी लाडाने घालतंय. घरी नीट विचारा."

नीट कसे विचारायचे, हे मला कधीच जमले नाही. तसाच तळमजल्यावर गेलो. लेक मशीनवर होती, काका बाळाला खुळखुळा वाजवून दाखवत होते.

"काका, खरं सांगा. पोळीचा तुकडा टाकता ना याला?"

"नाही."

"अहो, डॉक्टरीणबाई म्हणतात, गहू जातोय पोटात. आपोआप जातो का?"

"पोळीचा कण गेला नाही, साहेब. कागदावर आहे तेवढंच घालतो."

"कागदाप्रमाणे घातलं असतं तर तो बरा झाला असता. कागद चुकत नाही, काका. माणूस चुकतो."

लेकीने मशीनवरचा पाय काढला. "बाबा, घालत असाल तर सांगून टाका ना. तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला कळतं. पण मग त्याला बरं कधी वाटायचं?"

काकांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितले. खुळखुळा खाली ठेवला. "बरं," एवढेच म्हणाले. लेकीने त्याचा अर्थ कबुली असा घेतला. मीही तसाच घेतला.

पुढच्या गुरुवारी बाळ चाललेच. सकाळी स्वल्या दारात फेस ओकला होता आणि लेक फडके शोधत होती. बाळाने टेबल सोडले, डुलत डुलत चार पावले टाकली आणि धपकन बसले ते स्वल्याच्या अंगावर. त्याची शेपटी दोन्ही हातांनी धरली आणि खदखदून हसले. लेक फडके टाकून टाळ्या वाजवायला लागली. काकांनीही वाजवल्या. मग उठले आणि खुंटीवरचा पट्टा काढून आणला.

शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर रोपवाटिका आहे. तिथला माळी इमारतीत कुंड्या द्यायला यायचा. त्याला राखणीला कुत्रा हवा होता. तो टेम्पो घेऊन आला. काकांनी परसातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "कागद राहू दे, काका. मला वाचायचा कंटाळा. तोंडी सांगा, काय खातो?"

"कच्चं मांस," काका म्हणाले, "दोन चमचे भोपळा..." पुढचे त्यांना बोलवले नाही. टेम्पो सुरू झाला. स्वल्या मागच्या कुंड्यांमध्ये उभा होता आणि गल्लीचे वळण येईपर्यंत काकांकडे बघत होता. काका आत गेले, कागद पुन्हा त्याच टाचणीने लावला आणि दार ओढून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून ते पेपर वाचायला आले नाहीत. मी मनात म्हटले, खोटे पकडले गेले म्हणून तोंड चुकवतात.

तीन आठवड्यांनी मी कोपऱ्यावरच्या बेकरीत खारी घ्यायला गेलो. बेकरीवाल्याने विचारले, "जुळारीकाका आजारी आहेत का हो?"

"नाही. का?"

"रोज सकाळी एक पाव न्यायचे. मी बाजूला काढून ठेवायचो. कुत्र्यासाठी म्हणून कालचा देऊ केला तर घेत नसत. आजचाच दे म्हणायचे, त्याचं पोट नाजूक आहे."

मला आधी काय वाटले ते लपवत नाही. मला बरे वाटले. मी बरोबर होतो! खारीची पुडी तशीच हातात घेऊन मी तळमजल्यावर गेलो. लेक मशीनवर होती. बाळ आता खोलीभर फिरत होते. काका खिडकीशी बसले होते.

"पोळी नाही, पाव घालत होता तर!" मी म्हणालो. "रोज एक! ताजा! बेकरीवाला साक्षीला आहे. एवढं समजावून, लिहून देऊन..."

"लिहून दिलंत म्हणूनच," काका म्हणाले.

"म्हणजे?"

ते उठले, परसात गेले आणि कागद घेऊन आले. छापखान्यात प्रूफ तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, सगळी विरामचिन्हे उच्चारून वाचतो आणि दुसरा प्रूफ बघतो. काका तसे सरळ उभे राहिले आणि वाचू लागले, एकेक अक्षर सुटे करून, वर-खाली न करता.

"दुसऱ्या आठवड्यापासून. पाव. स्वल्पविराम..."

बाळ थबकले. त्याने दाराकडे बघितले. लेकीनेही शिवण तशीच धरून दाराकडे बघितले. दारात कोणी नव्हते.

"...कच्चे मांस. पूर्णविराम," काकांनी वाक्य संपवले.

मी कागद हातात घेतला. अक्षर माझे होते. रेघा माझ्या होत्या. पावानंतरचा स्वल्पविराम चांगला ठळक, शेपटी वळवलेला होता.

"काका, हा पाव किलो आहे हो," मी म्हणालो.

"मांस किती ते कुठे लिहिलं नव्हतं. मटणवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एवढ्याशा कुत्र्याला मूठभर पुरे. तेवढं घातलं."

"पण गहू बंद, एवढं तर कळलं होतं ना तुम्हाला?"

"बंदच्या यादीत पोळी होती, भाकरी होती, बिस्किटं होती. पाव नव्हता. म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी पाव मुद्दाम ठेवला असेल."

"शंका आली नाही तुम्हाला?"

"आली ना. पहिल्याच दिवशी. विचारलंही होतं, हे असंच का."

"मग जोर का नाही लावलात? आठ आठवडे, काका! एकदा तरी..."

"तुमच्या मजकुरात मी बोट घालत नाही, साहेब," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. बस कितीला सुटते ते सांगावे तसे सांगितले.

मी खुर्चीवर बसलो. लेक एकदा माझ्याकडे आणि एकदा वडिलांकडे बघत होती. तिला वस्त्यांची गोष्ट माहीत नव्हती. मी ती तिला सांगितली. फोनवर काड्या मागणाऱ्या व्यवस्थापकापर्यंत ती हसली. मग मी म्हणालो, "त्या प्रूफवर माझी सही होती. मी न वाचता केली होती."

"माहीत आहे," काका म्हणाले. "माझ्या मागेच टोचलेलं होतं."

"मग दाखवलं का नाहीत?"

"तुमची नोकरी नवी होती."

लेकीने मशीनवर झाकण घातले. "चूक कागदाची आणि भोगायचं कुत्र्याने?" ती म्हणाली. "आणि मी बाबांना खोटं ठरवलं. उद्याच्या उद्या जा आणि आणा त्याला. पावाशिवाय महिनाभर बघू. पुसायचंच असेल तर पुसेन."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी काकांना घेऊन बसने रोपवाटिकेत गेलो. पट्टा त्यांच्या पिशवीत होता. कागदही होता, तो त्यांनी का घेतला होता ते मला तेव्हा कळले नाही. फाटकाशी उभे राहून त्यांनी पूर्ण नावाने हाक मारली. रोपांच्या वाफ्यांमधून एक कुत्रा धावत आला आणि क्षणभर मी त्याला ओळखलेच नाही. पाठीवर केस दाट आले होते, बरगड्या दिसत नव्हत्या. त्याने काकांच्या छातीवर पाय ठेवले, हात चाटले, चष्मा चाटला. काका त्याचे पोट चाचपत होते, जसे डॉक्टरीणबाई चाचपायच्या.

माळी हात पुसत आला. "पहिले चार दिवस जरा वाकडंतिकडं झालं. मग एकदम झकास. मी काही केलं नाही, काका, तुम्ही सांगितलं तेच घालतो."

"फक्त मांस आणि भोपळा?" मी विचारले.

"दुसरं काय घालणार? इथे आसपास बेकरी नाही की किराणा नाही. माझ्याच चहाला पाव मिळत नाही."

काका हसले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना बघितले आणि तिकडे बघवेना.

मी माळ्याला चूक समजावून सांगितली. कुत्रा परत न्यायला आलो आहोत, हेही सांगितले. त्याने झारी उचलली. झारीचा आवाज होताच स्वल्या काकांच्या पायापासून उठला आणि त्याच्या मागे वाफ्यांकडे गेला. प्रत्येक वाफ्याशी थांबायचा, हुंगायचा, पुढचा वाफा गाठायचा. शेवटच्या वाफ्यावरून त्याने एकदा मागे वळून बघितले, काका आहेत याची खात्री केली आणि पुन्हा कामाला लागला.

काका बाकावर बसून बघत होते. "पान लागलंय, साहेब," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नीट लागलेलं पान हलवायचं नसतं. खिळे सांडतात."

"अहो, पण तो तुमचा आहे. लेक हो म्हणाली आहे. मी स्वतः रोज..."

"पेन आहे का?"

मी दिले. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवला. पावापुढच्या स्वल्पविरामावर छापखान्यातली रद्द करण्याची वळणदार खूण केली. खाली काकपद, म्हणजे राहिलेला शब्द घालायची खूण, काढून वर 'किलो' लिहिले. दोन्ही ओळींत. मग बंदच्या यादीत बिस्किटांनंतर 'पाव' हा शब्द घातला. सगळे मिळून मिनिटभर लागले. कागद त्यांनी माळ्याला दिला. "वाचायचा कंटाळा असला तरी भिंतीला लावून ठेव. तू गावाला गेलास आणि दुसऱ्या कोणी खायला घातलं तर."

निघताना स्वल्या फाटकापर्यंत आला. काकांनी फाटक बाहेरून लावून घेतले आणि कडी नीट बसली की नाही ते दोनदा बघितले. बसमध्ये पट्टा त्यांच्या मांडीवर होता. मी तीन वेळा माफी मागितली. तिन्ही वेळा ते म्हणाले, "जाऊ द्या, साहेब." त्या बाजूच्या कानाने जास्तच कमी ऐकू येते म्हणून मी चौथ्यांदा दुसऱ्या बाजूने म्हणालो. त्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले.

आता महिन्यातून एकदा ते रोपवाटिकेत जातात. एकटेच जातात. सकाळी पुन्हा माझ्याकडे पेपर वाचायला येतात आणि समोर बसून माझ्या आधी पान संपवतात. मागच्या आठवड्यात माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचा मजकूर मी लिहून काढला, टेबलावर ठेवला आणि त्यांच्या बाजूला एक टोक काढलेली पेन्सिल ठेवली.

"काका, यात बोट घाला. मनापासून सांगतो. जे चुकलं असेल ते खोडा."

त्यांनी समोरून, उलटाच वाचला. ओठ हलत होते. एका जागी किंचित थांबले, मग पुढे गेले.

"ठीक आहे," म्हणाले आणि चहा संपवून खाली गेले.

मी कागद माझ्याकडे ओढून पहिल्यापासून वाचला. तिसऱ्या ओळीत मी 'समरंभ' लिहिले होते. पेन्सिल ठेवली होती तिथेच होती.